प्रश्नपेटीतल्या चार चिठ्ठ्या आणि आपली 'चळवळीची प्रतिष्ठा'

गेल्या उन्हाळ्यात मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी तरुणांचे दोन दिवसांचे निवासी शिबिर होते. 'जात आणि कुटुंबसंस्था' या सत्रासाठी आम्हाला बोलावले होते. सत्राआधी आम्ही एक खोका फिरवला आणि सांगितले, नाव न लिहिता मनातला प्रश्न टाका. सत्तर-पंचाहत्तर मुलामुलींनी चिठ्ठ्या टाकल्या. आरक्षण, नोकरी, अट्रॉसिटीच्या केसेस, गावातल्या मिरवणुकीचा वाद, हे सगळे त्यात होतेच. आणि काही चिठ्ठ्या वेगळ्या होत्या. त्यातल्या चार अशा (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत):

"मला मुलं आवडतात, मुली नाही. मी चळवळीत राहू शकतो का?"

"तो वरच्या जातीतला आहे. प्रेम करतो म्हणतो, पण मित्रांसमोर माझं आडनाव घेऊ नको म्हणतो. मी काय समजायचं?"

"आम्ही लग्न करायचं ठरवलंय. ती मराठा आहे. घरचे म्हणतात, खर्डा विसरलास का?"

"संघटनेतले एक दादा रात्री नको ते मेसेज पाठवतात. मैत्रीण म्हणाली गप्प बस, चळवळ बदनाम होईल."

आयोजकांपैकी एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने या चिठ्ठ्या वाचल्या, घडी करून खिशात घातल्या आणि आम्हाला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, हे चळवळीचे विषय नाहीत. पोरं बिघडलीत मोबाईलनं. तुम्ही जातीवर बोला." आम्ही त्या दिवशी वाद घातला, पण तो अपुरा पडला. वेळ संपली, जेवणाची घंटा झाली, आणि चार पोरं उत्तराशिवाय घरी गेली. म्हणून हा लेख. त्या ज्येष्ठांविषयी आम्हाला आदर आहे. नामांतराच्या लढ्यात त्यांनी पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या आहेत. पण त्यांचे म्हणणे चूक आहे, आणि ते बाबासाहेबांच्याच कसोटीवर चूक आहे.

१९३४ साली बाबासाहेबांना वेळ होता, आपल्याला नाही?

'समाजस्वास्थ्य' हे मासिक रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली सुरू केले. संततिनियमन, लैंगिक आरोग्य, स्त्रीचा कामसुखावरचा हक्क असे विषय ते उघडपणे मांडत. वाचक खासगी प्रश्न पाठवत आणि कर्वे त्यांना शास्त्रीय माहितीच्या आधारे उत्तरे देत. सनातन्यांना हे सहन होणे शक्यच नव्हते. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांविषयीच्या वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे दिली म्हणून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. मुंबई उच्च न्यायालयात कर्व्यांच्या बाजूने उभे राहिलेले बॅरिस्टर होते डॉ. भीमराव रामजी आंबेडकर.

त्यांच्या युक्तिवादाचा आशय आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावा असा आहे. लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते अश्लील होत नाही. लोकांना प्रश्न पडतात, तर त्यांना उत्तर मिळालेच पाहिजे. अज्ञान जाते ते ज्ञानाने, तोंड दाबून नव्हे. हॅवलॉक एलिससारख्या अभ्यासकांच्या संशोधनाचा त्यांनी आधार घेतला आणि ज्यांना अशी ओढ आहे त्यांना त्यांच्या पद्धतीने सुख मिळवण्याचा हक्क आहे, अशी भूमिका घेतली. खटला ते हरले. कर्व्यांना दंड झाला. पण भूमिका इतिहासात नोंदली गेली.

आता तो काळ पाहा. पुणे करार होऊन दोन वर्षेही झाली नव्हती. काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० पासून चालू होता. पुढच्याच वर्षी येवल्याला धर्मांतराची घोषणा व्हायची होती. म्हणजे माणूस म्हणून जगण्याची लढाई अगदी ऐन भरात होती. अशा वेळी बाबासाहेबांनी, "हा माझ्या चळवळीचा विषय नाही, आधी पाण्याचं बघू, मंदिराचं बघू, मग हे," असे म्हटले नाही. एका ब्राह्मण संपादकाच्या मासिकातल्या वाचकांच्या चिठ्ठ्यांसाठी ते कोर्टात उभे राहिले. आणि आपण? आपल्याच पोरांच्या चिठ्ठ्या आपण खिशात घालतो.

बरे, हा अपवाद होता असेही कोणी म्हणू नये. १९३८ साली मुंबई विधिमंडळात संततिनियमनाच्या प्रश्नावर त्यांच्या पक्षातर्फे ठराव मांडला गेला. हिंदू कोड बिलात घटस्फोट, वारसा आणि स्त्रीचा निवडीचा हक्क आणण्यासाठी ते झगडले आणि १९५१ साली मंत्रिपद सोडले. शरीर, लग्न आणि निवड हे प्रश्न त्यांच्या राजकारणात कोपऱ्यातले नव्हते.

जात राहते कुठे?

समाजशास्त्र शिकताना आम्हाला पहिल्यांदा ज्या निबंधाने हलवले तो म्हणजे १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या भीमरावांनी वाचलेला 'कास्ट्स इन इंडिया'. त्यांनी जातीचे मूळ सोवळ्याओवळ्यात शोधले नाही, धंद्यातही शोधले नाही. जातीचे सार म्हणजे जातीतल्या जातीत लग्न. आणि हे बंधन टिकवायचे तर बाईच्या आणि पुरुषाच्या देहावर पहारा ठेवावा लागतो. नवरा मेला तर उरलेल्या बाईचे काय? सती, नाहीतर सक्तीचे वैधव्य. बायको मेली तर उरलेल्या पुरुषाचे काय? त्याला खालच्या वयोगटातली पोर. म्हणून बालविवाह. सती, वैधव्य, बालविवाह या तिन्ही प्रथा जात शाबूत ठेवण्याची यंत्रे आहेत, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिले. 'जातिनिर्मूलना'त १९३६ साली त्यांनी याचाच पुढचा निष्कर्ष काढला, की जात मोडण्याचा खरा उपाय आंतरजातीय विवाह.

मग सांगा, कोणी कोणावर प्रेम करावे, कोणाचा हात धरावा, कोणाशी संसार थाटावा हा प्रश्न जातीबाहेरचा कसा? जात गावकुसात राहते, पाणवठ्यावर राहते, पण तिची नाळ घरात असते. ती पलंगावर आणि लग्नपत्रिकेत वाढते. 'तुम्ही जातीवर बोला' म्हणणाऱ्या दादांना आमचे उत्तर एवढेच आहे, की त्या चारही चिठ्ठ्या जातीवरच होत्या.

आता त्या चिठ्ठ्यांची उत्तरे. एकेक करून.

पहिली चिठ्ठी: "मला मुलं आवडतात"

मित्रा, तू चळवळीत राहू शकतोस का, हा प्रश्नच उलटा आहे. तुला सामावून घेता येत नसेल तर ती चळवळ आंबेडकरी म्हणवून घेऊ शकते का, हा खरा प्रश्न आहे.

तुला कोणताही आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून १९९० साली काढली. भारतातल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१८ साली हेच स्पष्ट केले. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नवतेज सिंग जोहर खटल्यात कलम ३७७ चा तो भाग रद्द केला. त्या निकालात न्यायमूर्तींनी वारंवार आधार घेतला तो 'संवैधानिक नैतिकते'चा. हा शब्द ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत कोणी ठासून मांडला होता, हे तुला सांगायला नको. बहुसंख्यांना काय आवडते यावर कोणाचे माणूसपण ठरत नाही, ही आपल्या बापाची शिकवण आहे. ती आपल्याला फक्त आपल्यापुरती वापरता येणार नाही.

"बौद्ध धम्मात हे चालते का?" असेही विचारले जाते. पंचशीलातले तिसरे शील 'कामेसु मिच्छाचारा'पासून दूर राहण्याचे आहे. जबरदस्ती, फसवणूक, विश्वासघात, दुसऱ्याच्या संसारात घुसणे, हा मिथ्याचार. दोन सज्ञान माणसांच्या खुल्या संमतीच्या प्रेमाला तो लागू करायचा तर आधी सांगा, त्यात दुःख कोणाला झाले? ज्या धम्मात प्रज्ञा आणि करुणा यांची कसोटी आहे, तिथे मनुस्मृतीची कसोटी चोरून आणू नका.

एक व्यवहाराची गोष्टही सांगतो. घरी लगेच सांगितलेच पाहिजे असे नाही. शिक्षण पूर्ण होईपर्यंत, पायावर उभा राहीपर्यंत थांबण्यात भित्रेपणा नाही. विश्वासाचा एक माणूस शोध. आणि घरच्यांच्या दबावाखाली एखाद्या मुलीशी लग्न मात्र करू नकोस. तुझी कोंडी तिच्या आयुष्यावर लादण्याचा तुला हक्क नाही.

आणि एक सावधगिरी. शहरातल्या समलिंगी वर्तुळात गेलास तर तिथे जात नसेल असे समजू नकोस. २०१५ साली मुंबईतल्या एका आईने मुलासाठी 'वर' हवा म्हणून वर्तमानपत्रात जाहिरात दिली. तिचे धैर्य मोठेच. पण त्या जाहिरातीत 'जातीची अट नाही' म्हणताना 'अय्यर असल्यास प्राधान्य' असेही होते! तिथेही तुला आंबेडकर लागणार आहे. म्हणूनच तर तू इथे हवास.

तृतीयपंथी साथींची गोष्ट याहून कठीण. १५ एप्रिल २०१४ च्या नालसा निकालाने त्यांना स्वतःची ओळख स्वतः ठरवण्याचा हक्क दिला आणि सामाजिक-शैक्षणिक मागास मानून आरक्षण देण्यास सरकारांना सांगितले. कर्नाटकने २०२१ साली नोकऱ्यांमध्ये एक टक्का समांतर आरक्षण दिले. ही समांतर आरक्षणाची मागणी रेटण्यात दलित तृतीयपंथी कार्यकर्त्या पुढे आहेत, कारण तृतीयपंथीयांतही दलित असतात आणि त्यांना दोन्ही बाजूंनी मार बसतो. आरक्षण हा तर आपला विषय ना? मग या मोर्चात आपले निळे झेंडे किती असतात? दिशा पिंकी शेख पक्षाच्या प्रवक्त्या होऊ शकतात, तर आपल्या गावच्या जयंती समितीत एखादी तृतीयपंथी साथी का नको?

दुसरी चिठ्ठी: "माझं आडनाव घेऊ नको म्हणतो"

ताई, भीती आणि लाज यांत फरक असतो. कधीकधी मुलगा खरोखर भितो. घरच्यांना, भाऊबंदांना. ती भीती आपण समजून घेऊ. पण लाज समजून घ्यायची नसते. फरक ओळखण्यासाठी त्याला तीन प्रश्न विचार. हे लपवणे किती दिवस? लपवण्याचा त्रास दोघांना सारखा आहे की एकटीलाच? आणि त्याच्या मित्रांनी जातीवरून विनोद केला तर तो हसतो की बोलतो?

जो तुझ्यासोबत एकांतात क्रांतिकारक असतो आणि चारचौघांत गप्प, तो तुझ्यावर प्रेम करत असेलही, पण तुझ्या माणूसपणावर करत नाही. आपल्या बायांच्या देहावर हक्क आणि लग्नाला मात्र जातीतली, हा गावच्या पाटीलकीचा जुना शिरस्ता आहे. त्याने आता जीन्स घातली, इंग्रजी शिकला, पुरोगामी पुस्तके वाचली, म्हणून तो बदलला असे होत नाही. आणि "तू एवढी मॉडर्न, आंबेडकरवादी, मग नाही का म्हणतेस?" असे कोणी म्हणाले तर त्याला तिथेच थांबव. नाही म्हणण्याचा हक्क हाच स्वातंत्र्याचा पहिला भाग आहे. तुझे आडनाव घ्यायला तुझ्या पूर्वजांनी रक्त सांडले आहे. ते गिळून संसार करू नकोस.

तिसरी चिठ्ठी: "खर्डा विसरलास का?"

नाही, खर्डा कोणीच विसरू नये. २८ एप्रिल २०१४. जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात नितीन आगे या सतरा वर्षांच्या शाळकरी पोराला मराठा मुलीशी बोलतो या संशयावरून हालहाल करून मारले. साक्षीदार फितूर झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी सुटले. त्याआधी २०१३ च्या जानेवारीत सोनईत तिघांना मारले होते, तेही प्रेमाच्याच कारणावरून. आई-बापाची भीती खोटी नाही. जो कार्यकर्ता व्यासपीठावरून "करा रे आंतरजातीय लग्नं" म्हणतो आणि रात्री दोन वाजता फोन उचलत नाही, त्याने हा उपदेश करूच नये.

म्हणून भावा, हिमतीबरोबर तयारी लागते. तू एकवीस आणि ती अठरा पूर्ण आहे ना? दोघांची वयाची कागदपत्रे हाताशी ठेवा. विशेष विवाह कायदा, १९५४ खाली लग्न करायचे तर तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि ती कार्यालयात लावली जाते. म्हणजे घरच्यांना, गावाला खबर लागण्याची शक्यता असते. दुसरा मार्ग म्हणजे धम्म पद्धतीने लग्न लावून हिंदू विवाह कायद्याखाली नोंदणी. त्या कायद्याच्या व्याख्येत बौद्धही येतात. ही व्याख्या आपल्याला खटकते, खटकायलाच हवी, पण जीव वाचवण्यासाठी ती वापरायला लाजू नका. आधी ओळखीच्या वकिलाला भेटा. सर्वोच्च न्यायालयाने शक्तिवाहिनी खटल्यात मार्च २०१८ मध्ये अशा जोडप्यांना संरक्षण आणि सुरक्षित निवारा देण्याची जबाबदारी पोलिसांवर आणि प्रशासनावर टाकली आहे. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. आणि तिच्यावर घाई लादू नका. घर, गाव, माहेर हे सगळे ती सोडणार आहे. निर्णय तिचाही पूर्ण असला पाहिजे.

आता घरच्यांकडे वळतो. मराठा सून आली तर "जपून" म्हणता, हे ठीक. पण मातंग सून आली तर? चर्मकार जावई आला तर? तेव्हा खर्ड्याची भीती नसते, तरी तोंड वाकडे होते. बौद्ध वधू-वर मेळाव्यांचे अर्ज आम्ही पाहिले आहेत. त्यांत सोमवंशी की लाडवण, बावणे की कोसरे, हे विचारणारे रकाने असतात! १९५६ साली दीक्षाभूमीवर आपण जे टाकून आलो, ते या रकान्यांनी परत उचलून आणले. मनुवाद्यांना शिव्या देण्याआधी हा रकाना खोडा.

चौथी चिठ्ठी: "गप्प बस, चळवळ बदनाम होईल"

ही चिठ्ठी वाचून आमची झोप उडाली, ती आजही पूर्ण परतलेली नाही.

ताई, तू गप्प बसू नकोस. मेसेज पुसू नकोस, स्क्रीनशॉट काढून विश्वासाच्या माणसाकडे ठेव. पोलिसांत जायचे की नाही, कधी जायचे, हे तू ठरव. दुसऱ्या कोणी ठरवू नये. चळवळ बदनाम होते ती छळ करणाऱ्यामुळे, तक्रार करणारीमुळे नव्हे.

आणि दादांनो, जरा आरशात पाहा. आपल्या आयाबहिणींना सवर्णांनी नेहमी 'सैल' ठरवले. देवदासी, मुरळी, जोगतीण बनवून भोगले आणि वर तोंड करून चारित्र्य विचारले. म्हणून आपल्या चळवळीला प्रतिष्ठेची तहान लागली, हे आम्हाला कळते. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी बायांना जातीची खूण दाखवणारे लुगडे-दागिने टाकायला सांगितले, जून १९३६ मध्ये परळच्या दामोदर हॉलमध्ये कामाठीपुऱ्यातल्या बायांना तो धंदा सोडायला सांगितले. काहींना ते बोल कठोर वाटतात. पण ते कोणाला उद्देशून होते? जातीने लादलेल्या गुलामीला. त्या भाषणांचा हवाला देऊन आज कॉलेजातल्या पोरीचा मोबाईल तपासणे, तिच्या ओढणीवर टिप्पणी करणे आणि स्वतः मात्र रात्री तिला मेसेज करणे, ही बाबासाहेबांची शुद्ध विटंबना आहे. सवर्णांनी आपल्या बायांवर जो पहारा बसवला तोच आपण उचलला, तर त्याला ब्राह्मणी पितृसत्ताच म्हणतात. निळा रंग दिल्याने ती आंबेडकरी होत नाही.

२०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक कामाच्या ठिकाणी तक्रार समिती सक्तीची आहे. आपल्या संघटनांत पगारी कर्मचारी नसतात, म्हणून आपण सुटलो असे समजतो. कायदा सक्ती करत नाही म्हणून नीती सुटते का?

"हे शहरी चोचले आहेत"

शेवटचा आक्षेप हा. आधी पोटाचे, अत्याचाराचे, खासगीकरणाचे बघा. हे प्रश्न मोठे आहेत, याबद्दल वादच नाही. पण या चिठ्ठ्या मुंबई-पुण्याच्या कॅफेतून आलेल्या नव्हत्या. त्या ऊसतोडीला जाणाऱ्या, रोजंदारी करणाऱ्या आई-बापांच्या पोरांच्या होत्या. ज्या पोराला रात्रभर झोप लागत नाही तो सकाळी मोर्चाला येत नाही. तो एक तर गप्प होतो, नाहीतर निघून जातो. त्याच्या प्रश्नाला आपण उत्तर दिले नाही तर मोबाईलवरचा अश्लील व्हिडिओ देतो, एखादा बाबा देतो, नाहीतर 'संस्कार' शिकवणारी शाखा देते. रिकामी जागा कोणी ना कोणी भरतेच.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक शिबिरात प्रश्नपेटी ठेवा आणि एकही चिठ्ठी बाजूला काढू नका. उत्तर येत नसेल तर डॉक्टर, वकील, समुपदेशक बोलवा. प्रत्येक संघटनेत तक्रार ऐकणारी समिती करा, तिची प्रमुख बाई असू द्या आणि एक सदस्य संघटनेबाहेरचा असू द्या. आंतरजातीय जोडप्यांसाठी प्रत्येक तालुक्यात निदान दोन घरे अशी असू द्या जिथे ते आठ दिवस निर्धास्त राहू शकतील. आमचे घर आम्ही पहिले लिहून देतो. वधू-वर मेळाव्याच्या अर्जातला पोटजातीचा रकाना खोडा. आणि जयंतीच्या व्यासपीठावर कर्व्यांच्या खटल्यातला बाबासाहेब एकदा तरी सांगा.

त्या चार जणांपैकी कोणी हे वाचत असेल तर एवढेच. त्या दिवशी तुमची चिठ्ठी खिशात गेली, ती आमचीही चूक होती. आम्ही तिथेच उभे राहून ती मोठ्याने वाचायला हवी होती. पुढच्या शिबिराला या. पेटी असेल, आणि या वेळी ती आमच्या हातात असेल.

जय भीम!